नॉर्डस्ट्रॉमबाईंची पसंती

ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’चं एकविसावं प्रकरण ‘शेवटचा दिवस’ या नावाने छापलं गेलं. हस्तलिखितात मथळा होता ‘शार्लटचा मृत्यू’. तो बदलावा ही सूचना अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांची. न्यूयॉर्कच्या हार्पर प्रकाशनाचा मुलांच्या पुस्तकांचा विभाग त्यांनी १९४० ते १९७३ सांभाळला. व्हाइटनी सूचना मानली आणि १९५२ साली पुस्तक आलं.

वरवर पाहता हा मुलांना जपण्याचा प्रकार वाटेल. प्रकरण वाचलं की कळतं, बाईंनी मृत्यू फक्त मथळ्यातून काढला. आत त्याला धक्काही लावला नाही. जत्रा संपत आलेली असते. जाळ्यात शब्द विणून विल्बर या डुकराच्या पिल्लाचा जीव वाचवणाऱ्या शार्लट कोळिणीच्या अंगात आता घरी परतण्याइतकंही त्राण नसतं. निदान तिची अंडी तरी घरी न्यावीत म्हणून विल्बर उंदराच्या विनवण्या करतो. तो उंदीर फुकट काही करणाऱ्यातला नव्हे. यापुढे रोज आधी तू जेव, मग मी, असं कबूल केल्यावरच तो छतापाशी चढून अंड्यांची पिशवी सोडवतो. विल्बर ती जिभेवर ठेवून तोंड मिटतो. त्यामुळे निरोपाच्या क्षणी त्याला बोलताच येत नाही. तो नुसता डोळा मिचकावतो. शार्लट उरलीसुरली ताकद गोळा करून पुढचा एक पाय हलवते.

मला हा अख्ख्या पुस्तकातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. इथे रडारड नाही, भाषण नाही, कारण एकाचं तोंड बंद आहे आणि दुसरीची शक्ती संपली आहे. ‘मृत्यू’ हा शब्द मथळ्यातच भेटला असता, तर मूल हे सगळं शेवट ठाऊक असल्यासारखं वाचत गेलं असतं. आता ते विल्बरच्या बरोबरीने आशा धरून चालतं. मग येतं ते पुढचं सत्य: दुसऱ्या दिवशी ओस पडलेल्या मैदानावर शार्लट मरते, आणि तेव्हा तिच्याजवळ कोणीही नसतं. व्हाइटनी हे सरळ लिहिलं आणि बाईंनी ते तसंच राहू दिलं. निरोपाच्या दिवशीच, एके काळी विल्बरवर जीव टाकणारी छोटी फर्न हेन्री नावाच्या मुलाबरोबर जत्रेतल्या पाळण्यात बसायच्या नादात असते. तिला कोणी दोष देत नाही. मुलं मोठी होताना अशी दूर जातात, एवढंच लेखक दाखवतो.

ही नजर सुरुवातीपासूनची. १९४५ साली व्हाइटचं ‘स्टुअर्ट लिटल’ निघू नये, असं अ‍ॅन कॅरोल मूर यांचं मत होतं. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या त्या माजी प्रमुख. त्यांच्या शब्दाला फार वजन होतं. नॉर्डस्ट्रॉमबाईंनी पुस्तक काढलंच.

१९६४ साली बाईंच्याच विभागातून लुईज फिट्झह्यूचं ‘हॅरिएट द स्पाय’ आलं. अकरा वर्षांची हॅरिएट मैत्रिणी-मित्रांविषयी खरंखुरं आणि झोंबणारं वहीत लिहिते. वही त्यांच्या हाती लागते आणि ती एकटी पडते. ज्यांचं ती ऐकायची त्या, तिला सांभाळणाऱ्या ओल गॉली नोकरी सोडून गेलेल्या. त्यांचं पत्र येतं: माफी माग आणि खोटं बोल; स्वतःशी मात्र खरंच बोल. मुलांच्या पुस्तकातली एक समंजस बाई मुलीला खोटं बोलायला सांगते, हे छापायला धैर्य लागतं. त्याहून जास्त लागतो मुलांवरचा विश्वास, की त्यांना यातला पेच कळेल. हॅरिएट शाळेच्या अंकात माफी छापते, पण लिहिणं सोडत नाही. तिला ‘सुधारून’ चांगली मुलगी करणं किती सोपं होतं!

बाईंच्या पसंतीचं मर्म मला इथे दिसतं. त्यांना सत्य आवडायचं, पण त्याची दवंडी नको असायची. आणि तात्पर्य सांगायला मोठ्या माणसाला शेवटी धाडलेलंही नको असायचं. आपल्याकडे बालकथेच्या टोकाला तात्पर्य चिकटवायची सवय अजून पुरती सुटलेली नाही, म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांची पत्रं लेनर्ड मार्कस यांनी ‘डिअर जीनियस’ या नावाने १९९८ साली संपादित केली. मुलांसाठी हस्तलिखितं निवडणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीत. मात्र आधी ‘शार्लट्स वेब’ वाचावं, आणि तेही एखाद्या मुलाला शेजारी बसवून, मोठ्याने.