जाफा : विकेट न घेणारा चेंडू

आज आपण एकच शब्द घेऊ : जाफा. इंग्लिश क्रिकेटच्या बोलीत, खेळताच येऊ नये अशा अप्रतिम चेंडूला हे नाव आहे. जाफा बंदराच्या नावाने विकली जाणारी संत्री इंग्लंडात नावाजलेली. फळाचं नाव चेंडूला मिळालं, अशी व्युत्पत्ती सांगतात.

पण चेंडू जाफा ठरतो कशावरून? विकेट पडली म्हणून? नाही. फुलटॉसवरही विकेट पडते, त्याला कुणी जाफा म्हणत नाही. तिथे फलंदाज चुकलेला असतो. फलंदाज योग्य तेच खेळला आणि तरीही फसला, तर तो जाफा.

४ जून १९९३, ओल्ड ट्रॅफर्ड. शेन वॉर्नचा अ‍ॅशेस मालिकेतला पहिलाच चेंडू. हवेत सरकत त्याचा टप्पा लेगस्टंपच्या बाहेर पडला आणि वळून त्याने ऑफस्टंप गाठला. माइक गॅटिंग फिरकी खेळण्यात मुरलेला. बचावही त्याने रीतसरच केला होता. तो थिजून उभाच राहिला. त्या चेंडूला ‘शतकातला चेंडू’ ही पदवी मिळाली.

आता आमची शंका. तोच चेंडू चार बोटं जास्त वळला असता तर? स्टंप हुकला असता आणि स्कोअरबुकात नुसतं एक टिंब पडलं असतं. पदवी गेली असती, पण गुण कुठे कमी झाला? कुणी म्हणेल, स्टंपवर लागणं हाच तर हेतू. मान्य. पण ती चार बोटं पुष्कळदा खेळपट्टीच्या हातात असतात, गोलंदाजाच्या नव्हे. सदिच्छेला काहीच साधलं नाही तरी तिचं मोल कमी होत नाही, हे कांट १७८५ सालीच सांगून गेला.

म्हणून ‘शतकातला चेंडू’ या पदवीपेक्षा आम्हाला ‘जाफा’ हा शब्द मोलाचा वाटतो. बॅटची कड चुकवून यष्टिरक्षकाकडे गेलेल्या चेंडूलाही तो मान देतो.

आम्ही मास्तर मंडळींनी काय केलं? निष्कर्ष पटला नाही की गुण कापले. युक्तिवाद किती नेमका होता, ते पुष्कळदा पाहिलंच नाही. स्कोअरबुक लिहायलाच हवं, त्याशिवाय सामना होत नाही. पण टिंब पडलं तरी ‘काय बॉल होता!’ म्हणणारा कुणीतरी असावा. तेवढं तरी आपण होऊ या.