स्वतंत्र विन्यासाचा नियम : अध्यापनातील मांडणीची चिकित्सा

ग्रेगोर मेंडेल यांनी 1865 मध्ये ब्रनो येथे वाचलेला आणि 1866 मध्ये प्रसिद्ध झालेला वाटाण्यावरील निबंध महाविद्यालयीन अध्यापनात बहुतांशी 9:3:3:1 या गुणोत्तरापुरता उरला आहे. सोळा घरांचा तक्ता विद्यार्थी बिनचूक भरतो. परंतु या गुणोत्तरातून दोन लक्षणांचे परस्परस्वातंत्र्य सिद्ध कसे होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

त्याचे उत्तर मूळ आकड्यांत आहे. आकार व रंग अशा दोन्ही बाबतींत भिन्न असलेल्या वाणांच्या संकरापासून वाढवलेल्या 15 झाडांनी 556 बिया दिल्या : गोल-पिवळ्या 315, सुरकुतलेल्या-पिवळ्या 101, गोल-हिरव्या 108 आणि सुरकुतलेल्या-हिरव्या 32. केवळ गोल बिया विचारात घेतल्यास पिवळ्या व हिरव्यांचे प्रमाण 2.92:1 येते, केवळ सुरकुतलेल्या घेतल्यास 3.16:1. दोन्ही प्रमाणे 3:1 च्या निकट आहेत. म्हणजे बीचा आकार कळल्याने तिच्या रंगाविषयी अधिक काही कळत नाही. नियमाचा आशय एवढाच. तक्ता ही त्याची आकृती होय.

याहून गंभीर दोष कारणमीमांसेत आढळतो. वाटाण्यात गुणसूत्रांच्या सात जोड्या आणि मेंडेल यांनी निवडलेली लक्षणेही सात. सबब प्रत्येक जनुक वेगळ्या गुणसूत्रावर होते व मेंडेल सुदैवी ठरले, ही कथा अद्याप सांगितली जाते. (सातास सात जुळतात, यापलीकडे तिला आधार नाही.) स्टिग ब्लिक्स्ट यांनी 1975 मध्येच ती खोडून काढली. सातांपैकी काही जनुके एकाच गुणसूत्रावर आहेत. मात्र त्यांच्यातील अंतर मोठे असल्यास अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या भागांची अदलाबदल इतकी होते की ती स्वतंत्र असल्यासारखीच वागतात. शेंगेचा आकार ठरवणाऱ्या जनुकांपैकी एक मात्र उंचीच्या जनुकाच्या जवळ आहे. मेंडेल यांचे वाण त्या जनुकाचे असते आणि या जोडीचा द्विसंकर त्यांनी तपशीलाने मोजला असता, तर गुणोत्तर बिघडलेले दिसले असते. निबंधात या जोडीची स्वतंत्र आकडेवारी नाही.

सहलग्नता पुढील प्रकरणात 'अपवाद' म्हणून शिकवण्याची प्रथाही त्यामुळे तपासून पाहावी लागते. 1905 मध्ये बेटसन, सॉन्डर्स व पनेट यांना स्वीट पी या फुलझाडात फुलाचा जांभळा रंग व लांब परागकण अपेक्षेहून अधिक वेळा एकत्र आढळले. त्यांना या विचलनाचे समाधानकारक स्पष्टीकरण देता आले नाही. फळमाशीतील अशाच विचलनांची मोजदाद करून स्टर्टेव्हंट यांनी 1913 मध्ये गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा सिद्ध केला.