दुसऱ्याच्या मुलांचें शिक्षण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत, यवतमाळच्या उन्हापायीं दुपारीं घराबाहेर पडणें अशक्य झालें असतां, शिक्षणविषयक तीन लेखनें आम्हीं एकापाठोपाठ वाचून काढलीं. पहिलें, जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें ठेवलेलें निवेदन. त्याच्या जोडीला पुढील वर्षीं लिहून झालेला त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ही आम्हीं पुन्हां चाळला. दुसरा, १९३७ च्या डिसेंबरांत सादर झालेला डॉ. झाकिर हुसेन समितीचा अहवाल, ज्याला लोक वर्धा योजना म्हणून ओळखतात. आणि तिसरें, २०२० च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें संमत केलेलें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. विशेषतः त्यांतील धंदेशिक्षणावरील सोळावें प्रकरण. तिन्हींचा विषय एकच: पुस्तकी विद्येच्या बरोबरीनें हातांची विद्या कशी द्यावी. असलीं लेखनें कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाहीं, आणि वाङ्मयाच्या अध्यापकानें त्यांत लक्ष घालण्याचें कारण काय, असेंही कोणी विचारील. पण सरकारी गद्य झालें तरी तें गद्यच. आणि तें कोणाच्या वतीनें व कोणाच्या मुलांविषयीं लिहिलें आहे, हें त्याच्या वाक्यरचनेवरून जसें उमगतें तसें त्यांतील आंकड्यांवरून उमगत नाहीं.

फुल्यांच्या निवेदनांतील एक मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि तो आजवर फारसा कोणीं उचललेला नाहीं. प्राथमिक शाळेचा शिक्षक कसा असावा, हें सांगतांना ते म्हणतात कीं, तो शेतकरी वर्गांतून आलेला असावा, आणि वेळ पडली असतां नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्याला लाज वाटूं नये. हत्यार प्रथम कोणाच्या हातांत दिलें आहे तें वाचकांनीं पाहावें. तें मुलाच्या हातांत नाहीं. गुरुजींच्या हातांत आहे. फुल्यांच्या पुढें जो प्रश्न होता तो मुलांना श्रमाची गोडी कशी लावावी हा नव्हे. शेतकऱ्याच्या मुलाला ती कोणीं लावावयाची गरजच नव्हती. प्रश्न होता तो शिकविणाऱ्या वर्गाच्या मनांतील किळसेचा. यानंतरच्या बहुतेक सर्व योजनांनीं हत्यार उचलून विद्यार्थ्याच्या हातीं दिलें आणि शिक्षकाचे हात झांकून ठेवले.

हंटर आयोगानें स्वतः हायस्कुलाच्या दोन शाखा सुचविल्या होत्या: एक विश्वविद्यालयाकडे जाणारी, दुसरी व्यापारउदीम व तत्सम व्यवसायांकडे नेणारी. दुसऱ्या शाखेकडे कोणी फिरकलें नाहीं. पालकांना तो दरवाजा कोठें उघडतो हें बरोबर कळलें होतें, इतकेंच.

वर्ध्याचा अहवाल आम्हां यवतमाळकरांना परका नाहीं. वर्धा नदी ओलांडली कीं आमचा जिल्हा संपतो व तो जिल्हा लागतो. १९३७ च्या ऑक्टोबरांत २२ व २३ तारखांना गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली, समिती नेमली गेली, आणि सहा आठवड्यांच्या आंत अहवाल हातीं आला. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि एखाद्या मूलोद्योगाच्या आधारें. हें त्याचें सार. गद्य म्हणून हा अहवाल आजही वाचनीय आहे. त्यांत भाबडेपणा आहे पण भोंदूपणा नाहीं. मुलांनीं काढलेल्या सुतावर शिक्षकाचा पगार निघावा, ही मूळ कल्पना परिषदेंतच प्रा. के. टी. शहा यांना पटली नव्हती. आणि खुद्द समितीनेंही, आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादांत शिक्षणाचा मूळ हेतु बुडण्याचा धोका आहे, असें स्वच्छ लिहून ठेविलें. स्वतःच्या योजनेचें वैगुण्य योजनेच्याच पोटांत नोंदविणारे सरकारी कागद आम्हीं फार पाहिले नाहींत.

शिवाय त्या अहवालांतील ‘मूल’ हें राष्ट्राचें मूल आहे. गरिबाचें सूत काढील आणि वकिलाचें इंग्रजी शाळेंत जाईल, असा भेद त्यानें केलेला नाहीं. भेद केला तो आपण. मध्यप्रांत-वऱ्हाडांत रविशंकर शुक्ल यांनीं याच सुमारास विद्यामंदिर योजना काढली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यांतील शाळा चालावी असा तिचा बेत होता. नांवावरून वाद माजला, पुढें मंत्रिमंडळ गेलें, योजना मागें पडली. पण वाद नसता माजला तरी एक प्रश्न उरतोच: ज्या घरांत हें मासिक येतें, त्यांपैकीं कितींनीं आपला मुलगा अशा शाळेंत घातला असता? स्वातंत्र्यानंतरही मूलोद्योगाच्या शाळा खेड्यांसाठीं व साध्या शाळा शहरांसाठीं, अशी वांटणी कोणीं न ठरवितां ठरून गेली.

कोठारी आयोगानें १९६६ सालीं ‘कार्यानुभव’ सुचविला, आणि १९७७ सालीं ईश्वरभाई पटेल समितीनें त्याचें ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ केलें. या शब्दाचें पुढें शाळांतून काय झालें हें ज्यांनीं तो तास भोगला आहे त्यांना सांगणें नको. मेणबत्त्या, खडू, पुठ्ठ्याच्या फायली. आमच्या शेजारच्या एका मुलाची फाईल त्याच्या आजोबांनीं रात्रीं जागून केली, आणि गुण मात्र नातवाला मिळाले. नांव जितकें लांबलें तितकें काम आंखुडलें.

आतां २०२० चें धोरण. त्यांत चांगलें नाहीं असें नाहीं. धंदेशिक्षणाला समाज कमी प्रतीचें समजतो, हें तें उघड कबूल करतें. सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावें, ही सूचना तर मनोहर आहे. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना धंदेशिक्षणाचा परिचय व्हावा असें उद्दिष्टही त्यांत होतें. तें साल येऊन गेलें. पण तें प्रकरण मराठींत उतरवून वाचूं लागलें कीं प्रत्येक वाक्याच्या शेवटीं ‘करण्यांत येईल’, ‘देण्यांत येईल’, ‘जोडण्यांत येईल’. कोण करील? कर्ता नाहीं. कुंभार आहे, पण तो शिक्षक म्हणून शाळेच्या हजेरीपटावर येतो कीं सहलींत दाखवावयाचें दृश्य म्हणून, त्याला या दहा दिवसांचें काय मिळावयाचें, आणि त्याचा स्वतःचा मुलगा त्या वेळीं कोठें असेल, हें कोठेंच नाहीं. फुल्यांच्या एका वाक्यांतला शिक्षक येथें प्रकरणभर शोधून सांपडला नाहीं.

आंकड्यांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणांत असें दिलें आहे कीं, देशांतील कामकऱ्यांपैकीं रीतसर कौशल्यशिक्षण मिळालेले अवघे ४.६९ टक्के, तेंच जर्मनींत ७५, जपानांत ८०, दक्षिण कोरियांत ९६. हे आंकडे तेव्हांपासून प्रत्येक व्यासपीठावरून ऐकूं येतात. यांतील ‘रीतसर’ हा शब्द मात्र वक्ते गिळतात. बापाच्या भात्याशीं बसून, ऐरणीवर वखराची पास पाजवावयास शिकलेला लोहार या गणनेंत अशिक्षित. तीन महिन्यांच्या वर्गाचा कागद मिळविलेला मुलगा सुशिक्षित. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहिला तेव्हां बलुतेदारांचे दोष सांगण्यांत हात आंखडता घेतला नव्हता. पण कोण काय काम करतो हें त्यांना ठाऊक होतें. आजच्या धोरणकर्त्यांना कोणाजवळ कागद आहे एवढेंच ठाऊक असतें.

शब्दांविषयीं एक उपकथन. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालीं सुरू झाली, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था तालुक्यांच्या गांवांपर्यंत पोंचल्या. हें काम मोठें आहे, आणि त्यावर हजारों घरें उभीं आहेत. पण तेथील धंद्यांचीं मराठी नांवें पाहा: जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री. सबंध जिल्ह्यांत ‘मी संधाता आहें’ म्हणणारा माणूस आम्हांस भेटलेला नाहीं. तो वेल्डरच असतो. उलट ज्या शब्दांच्या मागें पिढ्यांचें ज्ञान उभें आहे, ते तिफण, डवरा, चाडें, रंधा, पटाशी, गुण्या, कोणत्याही धड्यांत नाहींत. आणि कापूस? या जिल्ह्याचें नांव कापसाशीं आणि दुर्दैवानें कापूस पिकविणाऱ्यांच्या आत्महत्यांशीं जोडलें गेलें आहे. एके काळीं मूर्तिजापूरकडे कापूस नेण्यासाठीं अरुंद रुळांची गाडी आली. गांठी बाहेर गेल्या, आणि गांठींच्या पुढचें सारें कसबही बाहेरच राहिलें. जिनिंगमध्यें हंगामापुरतें काम, मग घरीं. कापसाची प्रत पारखणें, सरकीचा उपयोग, जिनांची दुरुस्ती, सूत, रंग, हिशेब; एवढा मोठा अभ्यासक्रम दाराशीं पडला असतां आमचीं मुलें शिकतात तें बहुधा पुण्याच्या किंवा नागपूरच्या कारखान्यासाठीं. तेंही शिकावें. पण वर्ध्याच्या अहवालानें दाराशीं असलेल्या वस्तूपासून आरंभ करण्याचें जें साधें शहाणपण दाखविलें, तें चरख्याबरोबर टाकून देण्याचें कारण नव्हतें.

येथें एक रास्त आक्षेप पुढें येईल: दाराशीं असलेला धंदा म्हणजे बापाचा धंदा, आणि बापाचा धंदा म्हणजे जात. हा आक्षेप झटकून टाकतां येत नाहीं. मद्रास राज्यांत राजाजींनीं १९५३ सालीं अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस आईबापांच्या धंद्याचें शिक्षण अशी योजना आणली. लोकांनीं ती कुलशिक्षण म्हणून धिक्कारली आणि १९५४ सालीं ती मागें घ्यावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंद्यांतील कारागिरांना थोड्या दिवसांचें शिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठीं १५,००० रुपये व कर्जाची सोय आहे. तिच्या वर्षपूर्तीचा समारंभ २०२४ सालीं वर्ध्यासच झाला, हा योगायोग लक्षांत राहण्यासारखा आहे. अठरा वर्षांच्या वरील माणसाला त्याच्या हातच्या कामांत मदत करणें यांत आम्हांस गैर दिसत नाहीं. परंतु कुटुंबाचा परंपरागत धंदा असावा ही अट काढावी असें म्हणून तमिळनाडूनें त्याच वर्षीं ती आहे त्या रूपांत नाकारली, त्यामागें १९५३ ची आठवण आहे.

या वादांत डॉ. आंबेडकरांची एक मागणी सहसा कोणी उद्धृत करीत नाहीं. १९४२ सालीं त्यांनीं गव्हर्नर-जनरलांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयीं जें निवेदन दिलें, त्यांत उच्च शिक्षणाबरोबर धंदेशिक्षणाचीही मागणी आहे. आणि ती कोठली? सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांतील उमेदवारीची. म्हणजे हातांची विद्या त्यांना नको नव्हती. वांट्याला आलेली विद्या नको होती. रापीऐवजीं यंत्र, आणि तें आपण निवडलेलें. फुल्यांनीं शिक्षकाच्या हातीं नांगर दिला आणि आंबेडकरांनीं विद्यार्थ्याला निवड दिली. या दोन गोष्टी २०२० च्या प्रकरणांत असत्या, तर त्याचें आम्ही मुक्तकंठानें स्वागत केलें असतें.

प्रतिष्ठा कायद्यानें येत नाहीं, हें इंग्लंडांत १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर दिसलें. व्याकरणशाळा, तांत्रिक शाळा व आधुनिक शाळा यांना समान मान असेल असें ठरलें. तांत्रिक शाळा फारच थोड्या निघाल्या, आणि मान व्याकरणशाळेकडेच राहिला. जर्मनीचें निराळें. तेथें उमेदवार आठवड्यांतले कांहीं दिवस कारखान्यांत व कांहीं दिवस शाळेंत असतो, १९६९ पासून त्याला देशव्यापी कायद्याचा आधार आहे. पण खरी मेख अशी कीं, तेथें बँकेंतील कामकाजाचीसुद्धां उमेदवारी करावी लागते. त्यामुळें ‘उमेदवार’ म्हटल्याबरोबर अमुक एका थराचा मुलगा डोळ्यांपुढें येत नाहीं.

आपल्याकडे येतो. येथें ‘आम्ही’ सोडून ‘मी’ म्हणणें बरें.

आठ वर्षांपूर्वीं राळेगांव भागांतील एका कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा बी. ए. च्या पहिल्या वर्गांत माझ्याकडे होता. इंग्रजी कच्चें, पण समज चांगली; एकदां त्यानें वर्गांत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला दुसऱ्या दिवशीं पुस्तक पाहून द्यावें लागलें. त्याला मी मोठ्या आपुलकीनें सांगितलें, बी. ए. होऊन काय करणार, एखादा धंदा शीक, चार पैसे मिळतील. त्यानें ऐकलें व तो वीजतंत्री झाला. त्याच उन्हाळ्यांत माझ्या मुलानें दहावीनंतर मोटारदुरुस्तीचें काम शिकूं का, असें जेवतांना विचारलें होतें. मी त्याला अभियांत्रिकीच्या शिकवणीला घातलें. दोन्ही सल्ले मीं एकाच आठवड्यांत दिले, आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें मला तेव्हां मुळींच वाटलें नाहीं.

गेल्या महिन्यांत आमच्या विहिरीवरची मोटार जळाली तेव्हां हाच विद्यार्थी ती बांधावयास आला. अंगणांत बसून जुनी तार उकलतां उकलतां त्यानें धाकट्या भावाची गोष्ट काढली. “त्याची दहावी झाली, सर. मास्तर म्हणतात आयटीआय कर, तो म्हणते मले इतिहास शिकाचा आहे. काय सांगू त्याले?” आणि मी कांहीं बोलण्यापूर्वींच, कसलाही डंख मनांत न ठेवतां, “आपला दादा काय करते सध्या?” दादा पुण्यास एका कचेरींत रात्रपाळीला फोन घेतो. मीं तसें सांगितलें. त्यानें मान हलविली, तारेचें वेटोळें बाजूला ठेवलें, आणि भावाला घेऊन रविवारीं येऊं का म्हणून विचारलें. रविवारीं ते दोघे यावयाचे आहेत.