पेटी थांबायची, ट्रॅक थांबत नाही

डोंबिवलीत आमच्या चाळीत 1960च्या दशकात दोनच रेडिओ होते. त्यातला एक शेजारच्या काकांकडे. बटण फिरवलं की आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे, हिरवा डोळा हळूहळू उजळे आणि मग आवाज येई. 'आपली आवड' लागायची वेळ झाली की काकू दार सताड उघडं ठेवत, म्हणजे गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाई. त्यांच्या उंबऱ्यावर बसून मी 'शुक्रतारा' पहिल्यांदा ऐकलं. गाणं संपल्यावर थोडा वेळ कोणीच बोललं नाही, एवढं पक्कं आठवतं.

आज साठ वर्षांनंतर तेच गाणं ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सभागृहांत, सोसायट्यांच्या गच्चीवर, कोजागरीला आणि दिवाळी पहाटेला ऐकू येतं. त्या काळातलं भावगीत टिकलं यात शंका नाही. पण ते नेमकं कशामुळे टिकलं आणि आज आपण त्यातलं काय जपतो आहोत, हे एकदा नीट पाहायला हवं.

भावगीत साठच्या दशकात जन्मलं नाही. ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन जी. एन. जोशी यांनी 1930च्या दशकातच त्याची वाट पाडली होती. पुढे गजानन वाटवे यांनी ते गणेशोत्सवाच्या मांडवांत नेलं. आपल्या भागाचा यातला वाटाही मोठा आहे. जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे, या शहराचे नगराध्यक्षही झालेले. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज आणि सावळारामांचे शब्द असा त्रिवेणी संगम झाला की गाणं थेट माजघरात पोहोचे. लेक सासरी निघताना लग्नाच्या मांडवात त्यांचं 'गंगा-जमुना' लागे आणि पुरुषही तोंड फिरवून डोळे पुसत. सहज ओठांवर बसणारी चाल आणि घरातल्या माणसांची भाषा हे त्या गाण्यांचं बळ होतं.

साठच्या दशकात यात बदल झाला. मंगेश पाडगावकर, शान्ता शेळके यांच्यासारख्यांची कविता गाण्याच्या मध्यभागी आली. श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर यांनी त्या कवितेला चाली दिल्या. या चाली ऐकताना सोप्या वाटत, पण गायला बसलं की दम काढत. ओळ कुठे तोडायची, कोणत्या अक्षरावर थांबायचं हे ताल नव्हे, अर्थ ठरवू लागला. देवांनी या विचाराला 'शब्दप्रधान गायकी' असं नाव दिलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचं 'भावसरगम' अशी नवी गाणी घरोघरी पोहोचवत राहिलं. गायक अरुण दाते इंदूरहून आलेले, गझलेच्या संस्कारातले. त्यांच्यासोबत 'शुक्रतारा' गाणाऱ्या सुधा मल्होत्रा हिंदी चित्रपटसंगीतातल्या. तरीही त्या गाण्यातला एकही मराठी शब्द परका वाटत नाही, कारण दोघांनी सुराआधी शब्द समजून घेतला होता.

हे सारं मला गाण्याच्या क्लासमध्ये कळलं. आमच्या बाई पेटीवर काळी चारचा सूर धरत. मुलगा गायला बसला की काळी एकवर येत. गाणाऱ्याचा श्वास संपत आला की त्यांची बोटं त्याच सुरावर रेंगाळत, तबला ठेका धरून ठेवी, आणि पुढचा शब्द आला की दोघं त्याला उचलून धरत. ही वाट पाहणं म्हणजेच भावगीत, असं मला आजही वाटतं.

आता कराओकेचे गट गल्लोगल्ली झाले आहेत. निवृत्त माणसं, गृहिणी हौसेने गातात, एकमेकांना दाद देतात. त्यांच्या आनंदाला मी नाव ठेवणार नाही. पण परवा एका कार्यक्रमात साठीच्या बाई खळ्यांची चाल गात होत्या. एका शब्दावर त्यांचा गळा दाटून आला आणि त्या क्षणभर थांबल्या. ट्रॅक पुढे निघून गेला. त्यांनी घाईने दोन शब्द गिळले आणि पुढची ओळ पकडली. ट्रॅकची पट्टी बदलता येते, पण त्याला वाट पाहता येत नाही.

याहून मोठी उणीव व्यावसायिक मंचावर आहे. गायक तयारीचे, वादक उत्तम, ध्वनियोजना सुरेख, पण गाणी तीच वीस-पंचवीस. निवेदनातले किस्सेही तेच. साठच्या दशकात पाडगावकर, खळे, देव नवं लिहीत होते, नव्या चाली बांधत होते. रेडिओवर नवं गाणं येई आणि लोक त्याची वाट पाहत. आपण त्यांची गाणी जपली, त्यांची रीत सोडून दिली.

त्या रीतीत आजही जीव आहे. 1998 मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' हा अल्बम आला. 2003 मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम घेऊन आले. वाद्यमेळ वेगळा, भाषा कॉलेजातल्या मुलांची, पण केंद्रस्थानी पुन्हा नवी कविता. या दोन्हींना तरुणांनी उचलून धरलं. माझ्या मते साठच्या दशकाचे खरे वारस हेच आहेत. जुनं गाणं हुबेहूब गाणारा त्या काळाची आठवण जपतो. नव्या कवितेला चाल लावणारा तो काळ पुढे नेतो.

ठाण्यात पी. सावळारामांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. ठाणे, डोंबिवली, कल्याणात कविता लिहिणारी आणि चाली बांधणारी तरुण मुलं आजही आहेत. म्हणून दिवाळी पहाटेच्या आयोजकांना माझी मनापासून विनंती आहे: वीस जुन्या गाण्यांसोबत आपल्याच गावातल्या कवीच्या दोन नव्या कविता चाल लावून गायला लावा, आणि त्या दोन गाण्यांना तरी पेटी-तबल्याची साथ द्या. रसिकहो, ती दोन गाणी सुरू झाली की चहाला उठू नका.