चौकटीच्या कडेला उभी माणसं

नगरला दादा ज्या क्लासमध्ये शिकवायचा तो बंद पडला आणि तिथला जुना प्रोजेक्टर आमच्या घरी आला. घरी एचडी सेट-टॉप बॉक्स होताच, त्यात नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ रेकॉर्ड करून ठेवलेला. उन्हाळ्यात अंगणात चादर बांधून तो सगळ्यांना दाखवायचं ठरलं. एक वायर जोडली की झालं, असं मला वाटलं होतं.

प्रोजेक्टरला एचडीएमआय नव्हतं. होतं ते व्हीजीए आणि एक पिवळी व्हिडिओ पिन. बाजारातून कन्व्हर्टर आणला, तरी चादर निळीच. मग कळलं की एचडी बॉक्स चित्र सोडण्याआधी समोरच्या यंत्राची ओळख तपासतो. कॉपी होऊ नये म्हणून केलेल्या या व्यवस्थेला एचडीसीपी म्हणतात. जुन्या यंत्राला तिचं उत्तर देता येत नाही, म्हणून बॉक्स गप्प बसतो. शेवटी पिवळी वायर लावली. १०८० ओळींचं चित्र ५७६ ओळींत आलं, पण आलं.

खरी अडचण पुढे होती. एचडीची चौकट १६:९, म्हणजे रुंद. आमचा प्रोजेक्टर ४:३, जुन्या टीव्हीसारखा. बॉक्सच्या मेनूत तीन पर्याय होते. पहिल्यात चित्र दोन्ही बाजूंनी दाबून बसतं. तो लावला तेव्हा आज्जी म्हणाली, “मानसं अशी लांबडी का दिसत्यात रं?” दुसऱ्यात चादर पूर्ण भरते, पण रुंदीचा चौथा हिस्सा कापला जातो. तिसऱ्यात सगळं चित्र दिसतं, वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्रासाठी ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात. सगळ्यांनी दुसरा निवडला. मोठं दिसतं म्हणून मीही.

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. गावातली डुकरं पकडायचं काम जब्याच्या घराकडे येतं आणि शाळेजवळ, सगळ्यांच्या देखत ते करावं लागतं. हा प्रसंग आमच्या अंगणात आला तेव्हा डुकरामागची पळापळ बघून दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी एकट्याने तोच प्रसंग तिसऱ्या पर्यायावर पाहिला. चित्र लहान होतं, ओळी कमी होत्या, पण आता कडेची माणसं दिसत होती. मंजुळे आणि छायालेखक विक्रम अमलाडी या प्रसंगात पकडणाऱ्यांइतकंच बघणाऱ्यांना दाखवतात. कोणी बसून हसतंय, कोणी मोबाइलवर टिपतंय. काल आम्ही त्यांनाच कडेने कापलं होतं आणि त्यांच्या जागी स्वतः बसून हसलो होतो.

पुढे डुक्कर बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते. तिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं आहेत. या दृश्यात संवाद लागत नाही. ओझं वाहणारी माणसं आणि भिंतीवरचे चेहरे एकाच चौकटीत असणं हेच त्याचं म्हणणं आहे. कडा कापली की माणसं उशिरा येतात, लवकर जातात आणि त्या भिंतीसोबतचा त्यांचा वेळ कमी होतो. गोष्ट कळते, तरी आरोप बोथट होतो.

म्हणून माझं मत असं झालंय की जुन्या प्रोजेक्टरवर चित्र आणताना ओळींपेक्षा आधी चौकट सांभाळावी. ओळींचंही महत्त्व आहेच. जब्या ज्या काळ्या चिमणीमागे हिंडतो ती आमच्या चादरीवर काटक्यांत हरवून जायची. “चिमनी कुठंय?” असं आज्जीने दोनदा विचारलं. जब्याची सगळी आशा त्या पाखरात आहे, आणि तेच दिसत नसेल तर नुकसान मोठं. पण चिमणी हरवली हे आज्जीला जाणवलं तरी. कडेची माणसं गेली हे कोणालाच जाणवलं नाही.

हे फक्त जुन्या यंत्रापुरतं नाही. तुम्ही हे मोबाइलवर वाचताय. त्याचा स्क्रीन बहुधा १६:९ पेक्षा लांब आहे. सिनेमा बघताना काळ्या पट्ट्या नकोत म्हणून दोन बोटांनी चित्र पसरवता, तेव्हा २०:९ च्या स्क्रीनवर वर-खालचा मिळून पाचवा हिस्सा जातो. चित्र एचडीच असतं. फक्त कोणाचे पाय, कोणाचं कपाळ, कोणाच्या घराचं छप्पर त्यात राहत नाही.

नंतर अंगणात ‘फँड्री’ पुन्हा लावला, पट्ट्यांसकट. चित्र छोटं झालं म्हणून पोरांनी कुरकुर केली, मग सतरंजी पुढे ओढली. डुकराच्या प्रसंगात एक पोरगा हसला. बाकीचे चादरीवरच्या हसणाऱ्यांकडे बघत होते. शेवटी जब्याने थेट आपल्या दिशेने दगड भिरकावला आणि पडदा काळा झाला. जुन्या प्रोजेक्टरला नीट काळं करता येत नाही. त्या करड्या उजेडात चादरीच्या चुण्या दिसत होत्या आणि पुढे सरकून बसलेले आम्ही सगळे दिसत होतो.