ओळीचे तुकडे कोण करतो?

सुट्टीत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आम्ही काही बारावीच्या विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेचा सराव घेत होतो. संगणकांवर लिनक्स होते. एका मुलाने पेठांनुसार फुटबॉल खेळाडूंच्या याद्या केल्या होत्या आणि यादीतील ओळी मोजणारा 'मोज' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. प्रोग्रॅमच्या नावापुढे फाइलचे नाव टंकायचे, एवढेच काम. 'शाहूपुरी' ही फाइल बिनतक्रार मोजली गेली. 'मंगळवार पेठ' टंकल्यावर मात्र पडद्यावर त्याचाच संदेश उमटला : एकच फाइल द्या. "सर, एकच दिलीय की!" तो म्हणाला. त्याच्या वहीत व्याख्या अचूक होती. आर्ग-सी म्हणजे आर्ग्युमेंट्सची संख्या, आर्ग-व्ही म्हणजे स्ट्रिंग्जकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटर्सचा ॲरे. व्याख्या पाठ असूनही आर्ग-सी २ ऐवजी ३ का झाला, हे त्याला सांगता येईना.

दोष मुलाचा नाही, हा विषय मांडण्याच्या पद्धतीचा आहे, असे आमचे मत आहे. त्यासाठी दोन पुस्तके पाहू.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' आपल्यापैकी अनेकांनी वापरले आहे. त्यात हा विषय फाइलची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅममधून येतो. निवड उत्तम आहे. फाइलचे नाव प्रोग्रॅममध्येच लिहून टाकले तर दर नव्या फाइलसाठी पुन्हा कंपाइल करावे लागते, ही अडचण विद्यार्थ्याला लगेच पटते. आर्ग-सी ३ नसेल तर प्रोग्रॅम संदेश देऊन थांबतो. पण संख्या का चुकली, हे त्या संदेशावरून कळत नाही. आमच्या मुलाचा प्रोग्रॅमही नेमका याच घडणीचा होता.

कर्निहॅन आणि रिची यांचे मूळ पुस्तक १९७८ चे, दुसरी आवृत्ती १९८८ ची. त्यांचे पहिले उदाहरण 'एको' : मिळालेले शब्द जसेच्या तसे छापणारा प्रोग्रॅम. काय हाती आले ते आधी पाहा, मग वापरा, हा क्रम आम्हाला अधिक योग्य वाटतो. (पुढे तिथे तारका, दोन अधिक चिन्हे आणि चौकटी कंस यांची जी गर्दी होते ती वर्गात पहिल्या दिवशी नेऊ नये.) पण त्याच प्रकरणाच्या स्वाध्यायात एक खड्डा आहे. 'एक्सपर २ ३ ४ + *' अशी ओळ देऊन २ × (३ + ४) चे उत्तर काढायचे. युनिक्सवर ही ओळ जशीच्या तशी टंकली की तारका प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही. फोल्डरमध्ये पाच फाइली असतील तर तारकेच्या जागी त्यांची पाच नावे येतात आणि आर्ग-सी ६ ऐवजी १० होतो. स्वाध्यायात याबद्दल एक शब्दही नाही. शिवाय युनिक्सवर 'एक्सपर' नावाची आज्ञा आधीपासूनच आहे, म्हणजे विद्यार्थी भलताच प्रोग्रॅम चालवून बसण्याची सोय झाली!

हे करतो कोण? युनिक्स-लिनक्सवर शेल. आपण टंकलेली ओळ शेल वाचते, मोकळ्या जागांवर तोडते, तारकेच्या जागी फाइलींची नावे घालते आणि तयार शब्द प्रोग्रॅमच्या हाती देते. शब्द अवतरणचिन्हांत असेल तर ते तोडत नाही; मात्र चिन्हे स्वतःच काढून टाकते. डॉसची रीत वेगळी होती. तिथे नावापुढची सगळी ओळ १२८ बाइटांच्या एका जागेत ठेवली जाई आणि मेन सुरू होण्याआधी कंपायलरने जोडलेला भाग तिचे तुकडे करी. टर्बो सीमध्ये तारकेचा विस्तार हवा असेल तर वेगळी फाइल जोडावी लागे. विंडोजमध्येही ओळ अखंडच येते. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तीच ओळ, पण आर्ग-व्हीत काय येईल ते बाहेरच्या व्यवस्थेवर ठरते. टर्बो सी++ च्या मेनूतील खिडकीत आर्ग्युमेंट्स भरून शिकलेल्या विद्यार्थ्याला तर ही ओळ दिसतच नसे.

दुसरा गैरसमज संख्यांचा. आर्ग-व्हीत येते ती अक्षरे. ती अक्षरे एटूआय या फंक्शनला दिली की संख्या मिळते, असे आपण सांगतो. एका मुलीने बेरजेच्या प्रोग्रॅमला देवनागरीत ३५ आणि ४० दिले. उत्तर आले शून्य. एटूआयला फक्त इंग्रजी अंक ओळखता येतात. बाकी काहीही दिले तरी ते निमूटपणे शून्य परत करते, आणि खरोखर शून्य दिले होते की कचरा, हे कळायला मार्ग राहत नाही. एसटीआरटूएल हे फंक्शन वाचन कुठे थांबले तेही सांगते. शिकवायचे तर तेच शिकवावे.

आम्ही त्या मुलाला 'मोज' बाजूला ठेवायला सांगितले. त्याऐवजी प्रत्येक आर्ग्युमेंट स्वतंत्र ओळीवर, दोन्ही बाजूंना कंस घालून छापायला लावले. पडद्यावर तीन ओळी आल्या : (मोज), (मंगळवार), (पेठ). त्याने प्रोग्रॅम पुन्हा चालवला, या वेळी पेठेचे नाव अवतरणचिन्हांत घालून. दोन ओळी आल्या. मग तो शेजारच्याला विचारू लागला, "आणि अवतरणचिन्हं कुठं गेली रे?"