राजीनामा कोणाचा?

खरडला राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली. चंदीगडच्या सावलीतले हे गाव आता निम्मे शेत आणि निम्मे फ्लॅट असे झाले आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीमागच्या वस्तीतल्या तीन मुलांनी बिहारहून आलेल्या एका मजुराच्या मुलाची सायकल मोडली. चार दिवसांनी शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘दीदी, राज़ीनामा हो गया.’ माझ्या मराठी कानाला क्षणभर कळेना, राजीनामा दिला कोणी आणि कशाचा?

पंजाबात राज़ीनामा म्हणजे समेट. दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. मराठीत तोच शब्द पद सोडण्यापाशी येऊन थांबला. मधला टप्पा मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात सापडतो. तिथे जुना खातेदार जमिनीचा राजीनामा द्यायचा आणि नवा कबुलायत लिहून द्यायचा. म्हणजे राजी होणे आणि हक्क सोडणे यांत फार अंतर नव्हतेच. अनुवादकाला असे शब्द झोपू देत नाहीत.

त्याच दिवसांत ग्रामीण भागात मुलांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीची एक छोटी पुस्तिका मी मराठीत आणत होते. विषय होता रिस्टोरेटिव्ह जस्टिस. हॉवर्ड झेर यांच्या १९९० च्या पुस्तकापासून या विचाराची मांडणी साधारण तीन प्रश्नांभोवती केली जाते: इजा कोणाला झाली, त्या व्यक्तीला आता कशाची गरज आहे, आणि ती भागवण्याची जबाबदारी कोणाची. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कुटुंबाची बैठक सुरू केली. तिच्यामागे माओरी समाजाची पद्धत होती. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही समुपदेशन आणि समाजसेवा हे मार्ग मंडळापुढे आहेत. शब्दकोशाने मला ‘पुनर्स्थापक न्याय’ दिला. अचूक आहे, पण पारावर बसून कोणी तो उच्चारेल असे वाटत नाही.

म्हणून मी साहित्याकडे वळले. गावातल्या मुलाच्या हातून चूक होते, तेव्हा मराठीत पुढे काय होते?

पहिले उत्तर अर्थातच ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेले हे पुस्तक आपण आईच्या वात्सल्याचे म्हणून वाचतो. मला यावेळी त्याची बैठक दिसली. आश्रमात रात्री मंडळी गोल करून बसतात आणि मोठा झालेला श्याम आपल्या लहानपणच्या चुका एकेक करून सांगतो. मुलाने आपली चूक चारचौघांत, न घाबरता सांगावी यासाठी याहून सुरक्षित जागा मराठीत दुसरी नसेल. पण या वर्तुळात बसलेल्यांपैकी कोणाचे श्यामने काही बिघडवलेले नाही. चूक आई आणि मुलगा यांच्यात सुरू होते, तिथेच धुतली जाते. ज्याला लागले तो बहुधा गोष्टीबाहेरच राहतो.

दुसरे उत्तर शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चे. १९५७ च्या या चित्रपटामागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग आहे, आणि कथा गदिमांची. इथे आईच्या जागी तुरुंगाधिकारी आहे. त्याच्या दोन डोळ्यांचा धाक कैद्यांना माणसात आणतो. तरी सगळा भार बघणारा आणि सुधारणारे यांच्यावरच. ज्यांची माणसे मारली गेली, त्यांना कोणी बैठकीला बोलावत नाही.

तिसरे उत्तर या दोन्हींना उलटे करते. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’मध्ये (२०१३) जब्याच्या कुटुंबावर गावातली डुकरे पकडण्याचे काम येते. वर्गातली मुले कडेला उभी राहून हसतात, चिडवतात. शेवटी जब्या दगड उचलतो, आणि तो दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. बहुतेक समीक्षेने तो विद्रोहाचा दगड म्हणून वाचला, आणि ते बरोबरच आहे. पण क्षणभर कल्पना करू, की दुसऱ्या दिवशी बैठक भरली. आरोपी कोण असेल? दगड मारणारा जब्या. आणि इजा झालेला? तोही जब्याच. आपला दगड दिसतो, आधीचे हसणे दिसत नाही. ज्या गावात हा क्रम लावण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असतो, तिथे ‘दोघेही चुकले, हात मिळवा’ हे वाक्य न्यायाचे राहत नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त तर गुन्हा जन्मालाच चिकटलेला आहे. १८७१ च्या कायद्याने तो चिकटवला. १९५२ मध्ये कायदा गेला तरी डाग निघाला नाही. तिथे मुलाला पूर्वस्थितीला आणायचे म्हणजे कोणत्या स्थितीला?

आपल्याकडे बैठक नाही असे नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या बसल्या, बक्षिसे मिळाली. अनेक घरांचे कोर्टाचे खेटे त्यामुळे वाचले असतील, हे मी हलके लेखत नाही. पण नाव पाहा: तंटामुक्त. तंटा संपला की काम संपले. ‘मिटवणे’ या क्रियापदात मराठीने भांडण, डोळे आणि पाकळ्या यांना एकत्र बसवले आहे. जे मिटते ते दिसेनासे होते. ते भरून येतेच असे नाही.

सायकलच्या प्रकरणातही हेच झाले. मुलांच्या वडिलांनी पैसे दिले, मजुराने घेतले, चहा झाला. तो मुलगा बैठकीत नव्हता. दोन दिवसांनी मी त्याला दुकानापाशी पाहिले आणि विचारले, सायकल झाली का नीट? तो म्हणाला, सायकल झाली, पण ते मला अजून त्याच नावाने हाक मारतात. कोणत्या नावाने, ते मी विचारले नाही. सायकल मोडण्याच्या कितीतरी आधी ते नाव होते, एवढे मला कळले. राज़ीनाम्याच्या कागदावर त्याला जागाच नव्हती. पंजाबी अर्थाने तो झाला होता. मराठी अर्थाने तो त्या मुलाने दिला होता.

पुस्तिकेच्या शीर्षकात मी ‘पुनर्स्थापक न्याय’ ठेवला, कारण कायद्याच्या भाषेशी दुवा हवा. आत मात्र तिसऱ्या प्रश्नासाठी मला घरातला शब्द सापडला: निस्तरणे. आपण केलेले आपण निस्तरायचे. यात शिक्षा नाही आणि सुटकाही नाही. बसून, हात घालून करायचे काम आहे. आपल्या साहित्यात मुलांचे बहुतेक वेळा आईच निस्तरते, आणि गावाचे जब्याचे घर निस्तरते. ज्याने केले त्याने, ज्याचे बिघडले त्याच्यासमोर बसून निस्तरल्याची गोष्ट मला मराठीत अजून वाचायची आहे.

तोवर पुस्तिकेत पहिल्या प्रश्नाच्या आधी मी एक वाक्य घालायला सुचवले, आणि ते मान्य झाले: बैठक बोलावण्यापूर्वी त्या मुलाला एकट्याला विचारा, गोष्ट कुठून सुरू झाली.